पेल्याखालचा फासा

अनिसनं पेला चटईवर उपडा मारला, कड बोटभर उचलली आणि आत डोकावलं. सहा. फाशाचे सगळेच्या सगळे ठिपके त्याच्याकडं बघत होते.

“दोन,” तो म्हणाला आणि कड खाली टेकवली.

समोर इंद्रजीतनं आपल्या पेल्याखाली पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“एक. भुजंग शेठनं परत खाल्ला ठोसा.”

दौंडच्या यार्डात, मालगाडीच्या टपावर अनिसचा हिरो आणि इंद्रजीतचा व्हिलन भुजंग शेठ तासाभरापासून एकमेकांना बुकलत होते. अर्थात हे सगळं निमोण्यातल्या इंद्रजीतच्या पडवीत, दोन फासे आणि दोन स्टीलचे पेले यांच्या जोरावर चाललं होतं. खेळ इंद्रजीतनं स्वतः रचलेला. सहापर्यंत मोजता येणाऱ्याला तो खेळता आला पाहिजे, हा त्याचा हट्ट, त्यामुळं नियम पोस्टकार्डावर मावतील एवढेच. हिरो आणि व्हिलनला सुरुवातीला सारखंच बळ. फासे टाकायचे, ज्याचा आकडा मोठा त्यानं ठोसा मारायचा, मार खाऊन ज्याचं बळ संपलं तो मेला. आणि हिरोला मार बसला की त्याच्या ठोशाचं बळ वाढायचं, कारण सिनेमात तसंच असतं.

पेल्याची भानगड मात्र सिनेमातली नव्हती. गेल्या वर्षी सणसवाडीच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली इंद्रजीतच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मुठीतून फासा निसटायचा म्हणून तो पेल्यात घालून टाकू लागला, आणि त्याला ओशाळं वाटू नये म्हणून बाकीचेही. कड उचलून आपल्यापुरतं बघायचं आणि आकडा सांगायचा. सांगितला तो खरा, तपासायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं इंद्रजीतची बायको भाग्यश्री हसून म्हणायची.

त्या दिवशी प्रेसवर पाळी अनिसची होती. तो मामेबहिणीच्या लग्नाला गेला होता आणि इंद्रजीत त्याच्या जागी उभा राहिला होता. यावर दोघं कधी एक शब्द बोलले नव्हते. अनिस तर त्या हाताकडं बघायचंही टाळायचा.

पहिल्याच डावात अनिसचा हिरो मेला, आणि त्यानंतर बरेच रविवार तो इकडं फिरकलाच नाही. हिरो मेल्याचं त्याला काहीच नव्हतं. फासा धरू बघणारा तो हात त्याला बघवला नव्हता. परत आला तेव्हा हिरोच्या ठोशाचं बळ वाढवणारा तो नवा नियम खेळात घुसलेला. त्यापुढं व्हिलनची काही धडगत नव्हती, दहा मिनिटांत खेळ आटोपला. इंद्रजीतचा चेहरा असा उतरला की तेव्हापासून अनिस सहाला दोन म्हणत आला. त्यातून इंद्रजीतचं नशीब फुटकं, त्याला पडायचे ते एक नाहीतर दोन. त्याच्याहूनही कमी सांगता सांगता अनिसच्या नाकी नऊ यायचे. पण खेळ रंगायचा, आणि इंद्रजीत खुशीत म्हणायचा, “बघ, बॅलन्स कसा बसलाय.”

येत्या बुधवारी तो हा बॅलन्स घेऊन पुण्याला निघाला होता. खेळ छापणाऱ्या मंडळींनी बोलावलं होतं. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यानं शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तिथं परकी माणसं खरे आकडे सांगणार आणि भुजंग शेठ दहा मिनिटांत आडवा होणार. या विचारानं अनिसला आठवडाभर झोप नव्हती. पण सांगणार कोणत्या तोंडानं? तो मूग गिळून बसला होता.

“आता मी,” मोनाली म्हणाली. भाग्यश्रीची ही धाकटी बहीण दौंडहून कालच आली होती आणि हा खेळ पहिल्यांदाच बघत होती. तिनं फाशासाठी हात घातला आणि अनिसचा पेला सरळ उचलला.

चटईवर सहा होता.

“अनिसभाऊ, दोन म्हणला न्हवं तुम्ही?”

भाग्यश्री शेंगा पाखडत होती, तिचं सूप हवेतच थांबलं. दीड वर्षात बोलायचं ते बोललो नाही आणि नको ते असं उघडं पडलं, या विचारानं अनिसला मान वर करवेना. आता इंद्रजीत उठून आत जाणार, पुण्याला जायचा नाही, आणि आपलं तोंडही बघायचा नाही.

“कवापासनं?” इंद्रजीतनं विचारलं.

“दुसऱ्या डावानंतर. कायम.”

इंद्रजीतनं तो सहा बघितला. मग त्यानं आपला पेला हळूच बाजूला केला.

पाच.

अनिसला वाटलं, आपले डोळे फिरले. त्यानं ठिपके पुन्हा मोजले. एक सांगितला होता यानं. म्हणजे ते सगळे एक, ते सगळे दोन, ते फुटकं नशीब.

“तू मेलास आन् यायचाच बंद झालास,” इंद्रजीत म्हणाला. “मला वाटलं, हारला की येत न्हाई हा. म्हणून तो बळाचा नियम घातला. तरी भ्या वाटायचं.”

“त्यापायी न्हवतं रं,” अनिस म्हणाला आणि पेल्याची कड बोटानं पुसत बसला.

मग बुधवारी काय दाखवायचं, असं भाग्यश्रीनं हळूच विचारलं. इंद्रजीतनं दोन्ही पेले मागं सरकवले.

“उघड्यावर टाक. एकदाच. ज्याचा मोठा, तो जिता.”

अनिसला तीन पडले. इंद्रजीतनं फासा उरलेल्या बोटांत धरला, पण तो निसटला आणि घरंगळत बाजेखाली गेला. जवळ अनिसच होता. तो गाल जमिनीला टेकवून अंधारात बघत राहिला. तिथलं दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं.

“किती?”

“सहा,” अनिस म्हणाला.

हिरो मेला. अनिस फासा घेऊन बाहेर आला तेव्हा इंद्रजीतनं हात पुढं केलेला होता, उजवाच. अनिसनं त्या हाताकडं नीट पाहिलं आणि फासा तळव्यावर ठेवला.

“मांड परत, उघड्यावर,” तो म्हणाला. “बुधवार अजून लांब हाय.”