बासष्ट वेढे

"काकू, परत जळाली हो!" लाँड्रीवाल्याने मोटर टेबलावर दणकन ठेवली. "तिसरी खेप. मास्तरांचा हात असा कधी नव्हता."

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. जळालेल्या मोटरींत तांब्याची नवी तार भरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. हातमशीनचा दांडा फिरवत ते वेढे मनातच मोजत. या मोटरीच्या एका गुंडाळीला बासष्ट. कमी पडले की मोटर तापलीच.

"वेढ्यांचा आकडा दाखवणारं मशीन घ्या की, मास्तर," लाँड्रीवाला मशीनपाशी बसलेल्या मास्तरांना म्हणाला.

"मग मला काय शोभेला बसवायचं?" मास्तर फणकारले.

लाँड्रीवाला गेल्यावर तिने नुकत्याच भरलेल्या दोन गुंडाळ्या सोडून मोजल्या. एकीत एकावन्न, दुसरीत सत्तर.

दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनियाने मास्तर अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आल्यापासून त्यांची मोजणी अशी चुकत होती. मुलगा फोनवर म्हणाला, "वय झालं, आई."

"आजारी पडायच्या आदल्या दिवशी नव्हतं झालं का वय?" ती आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली.

दुपारी ती मास्तरांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "फुप्फुसं अगदी स्वच्छ आहेत."

"फुप्फुसांचं विचारतंय कोण! हे मोजणी विसरतात."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "उतारवयात छातीचा मोठा संसर्ग झाला की पुढे विस्मरणाचा धोका वाढलेला दिसतो. यांचं त्यामुळेच झालं, असं खात्रीने नाही सांगता येत. तपासण्या करू."

"घरी सोडताना गोळ्यांचा कागद दिलात, पथ्य सांगितलंत. हे एवढं सांगायला तोंड दुखत होतं?"

बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. देवाने जीव राखला म्हणून रोज हात जोडत होती ती. पण राखला तो अर्धाच का, हे कुणाला विचारायचं?

घरी येताच मास्तर मशीनपाशी बसले. ती शेजारी बसून मोठ्याने मोजू लागली. "एक. दोन. तीन..."

"मी बालवाडीत आहे का?"

"नाही. तरी मी मोजणार."

सतराव्या वेढ्याला मास्तरांचा हात थांबला. मग त्यांनी स्टूल सरकवलं आणि दांडा तिच्या हातात दिला.

"फिरव तू. सावकाश. तार ताणून धरणं तुला जमायचं नाही."

ती फिरवत गेली, मोजत गेली. मास्तरांच्या दोन बोटांतून तार सरळ येत होती आणि वेढ्याला वेढा चिकटून बसत होता.