कपाटावरची कात्री

कट्.

भर दुपारची वेळ. शिलाई मशीन थांबलेलं, तिची पाच वर्षांची लेक बटण झोपलेली, खाली रस्त्यावरही चिटपाखरू नाही. त्या शांततेत आवाज इतका स्वच्छ आला की तिला वाटलं, मशीनची सुईच मोडली. तिनं वाकून पाहिलं. सुई धड होती. दोरा अजून तिच्या दातांत होता, तोही न तुटलेला. मग जीभ आपसूक डाव्या सुळ्यामागच्या दाढेकडे गेली आणि तिथंच थबकली. दाढेच्या मधोमध एक फट होती. सकाळी ती नव्हती.

तिच्या पाचावर धारण बसली.

चार महिन्यांपूर्वी याच दाढेनं तिला भिंतीवर डोकं आपटायला लावलं होतं. पाण्याचा घोट घेतला तरी कानापर्यंत कळ जायची. "काढूनच टाका एकदाची," म्हणत ती दवाखान्यात गेली, तर डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे कागदावर दाढेचं चित्र काढलं. वर कडक कवच, आत मऊ गाभा, गाभ्यातून मुळाच्या टोकापर्यंत गेलेली नस.

"कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय. दाढ नाही काढायची, फक्त ही नस काढायची. ती पोकळी बारीक सुयांनी घासायची, औषधानं धुवायची आणि भरून बंद करायची. रूट कॅनल म्हणतात ते एवढंच. बधिर करून करतो, घाबरू नका."

"सुयांनी?"

"तुमच्या सुयांपेक्षा बारीक. आणि बिनदोऱ्याच्या."

तीन खेपा झाल्या. दरवेळी बटण कोपऱ्यातल्या स्टुलावर आईची पिशवी कवटाळून बसायची. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी कॅप घालायला या. नस गेलेली दाढ ठणकत नाही, पण आतून पोकळ केलेली असते. ताण आला तर उभी चिरेल. तोवर त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही."

पण गरज सरो नि वैद्य मरो. कळ थांबली आणि दवाखाना मागे पडला. बालवाडीच्या साठ एप्रनांचं काम आलं. उद्या जाऊ, परवा जाऊ करत तीन महिने गेले. कडक काही तिनं खरंच खाल्लं नाही. दोऱ्याला कडक कोण म्हणतं?

आणि दोरा तर ती चार वर्षं दातानंच तोडत होती. रांगत्या बटणच्या मुठीत एकदा उघडी कात्री सापडली होती. त्या दिवसापासून कात्री कपाटावरच्या खोक्यात गेली. कापड बेतायला ती खाली यायची आणि लगेच वर जायची. दर टाक्याला कोण चढणार स्टुलावर? पुढच्या दाताला खाच पडली, तेव्हा तिनं सुळ्यामागची दाढ कामाला लावली.

तिच्या आईच्या तोंडाचं चाळिशीतच बोळकं झालं होतं. सुरुवात हीच दाढ जाऊन झाली. आधी आई तोंडावर हात धरून हसायची, मग हसायचीच बंद झाली. माझं असं होऊ द्यायचं नाही, ही खूणगाठ तिनं तेव्हाच बांधली होती. कळीच्या भरात काढा म्हणाली खरी, पण वाचतेय म्हटल्यावर त्यासाठीच तर त्या तीन खेपा!

तिनं झोपलेल्या बटणला उठवलं आणि चपला उलट्या घातल्यात की सुलट तेही न बघता निघाली.

"या! दोन आठवडे कुठल्या कॅलेंडरचे हो तुमचे?" डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. मग तोंडात डोकावल्या आणि हसू मावळलं. एक्स-रे निघाला. चिमट्यानं त्यांनी एक बाजू हलवली, मग दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या हलल्या.

"चीर मुळापर्यंत उतरलीय, ताई."

"मग कॅप घाला. आत्ताच घाला. मी इथून हलतच नाही."

"कशावर घालू? खाली धरायला दाढ उरली कुठं?"

"चिकटवा, बांधा, काहीतरी असेलच ना तुमच्याकडे! मी फाटकं कापड असं रफू करते की मालकालाही सापडत नाही. आणि तुम्हाला एक दाढ जोडता येईना?"

"कापड टाका धरतं हो. मूळ नाही धरत. अशीच ठेवली तर फटीतून जंतू आत जातील, हाड खातील."

"पुन्हा रूट कॅनल करा. दहा खेपा येईन."

"नस असती तर काढली असती. ती तर आपण आधीच काढलीय."

तिनं बाईंची बाही घट्ट धरली होती. बाईंनी ती सोडवली नाही. हळूच विचारलं, "एवढं चावलंत तरी काय?"

"दोरा."

"घरात कात्री नाही?"

"आहे. कपाटावर. ही लहान होती ना, हिला लागू नये म्हणून..."

"अहो, आता घोडी झालीय ती!"

स्टुलावरची घोडी पिशवी कवटाळून ऐकत होती.

इंजेक्शननं गाल लाकडाचा झाला. दुखलं काहीच नाही, फक्त करकर ऐकू आली. ताटलीत दोन तुकडे पडले, एका मापाचे. बाई पुढे दुसरा दात कसा बसवता येतो ते समजावत होत्या. तिला ऐकू येत होतं ते आईचं बंद झालेलं हसणं.

"कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरा. बोलायचं नाही."

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ती बसली आणि डोळ्यांना खळ राहिला नाही. बटण शेजारी पाय हलवत बसली होती. आपला हलणारा पुढचा दात ती जिभेनं मागेपुढे करत होती. मग ते थांबवून तिनं आईकडे पाहिलं.

"दुखतंय?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"कात्री मला लागेल म्हणून वर ठेवलीस ना गं?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

बटणनं पिशवी आणखी जवळ घेतली.

"म्हणजे तुझी दाढ माझ्यामुळे गेली, आई?"