पिस्तुलाच्या पोटाला पडलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनं बत्तीस बोअरचं पिस्तूल आहे. घाबरू नका, माझी नळी आता कायमची बुजवलेली आहे. बीडच्या पोलीस मुख्यालयात एका टेबलावर मी बसलेलो असतो आणि माझ्या कुशीला एक खिडकी आहे. ती कशी पडली, तेच सांगतो.

माझा जन्म एका सरकारी कारखान्यात झाला. पोलादाच्या ठोकळ्यातून मला कोरलं, घासलं, काळं केलं. माझा आराखडा मात्र शंभर वर्षांहून जुना, युरोपातला. त्या काळी कोणाच्या तरी लक्षात आलं की गोळी पुढे जाते तेव्हा तोच धक्का मागेही बसतो. मग त्या धक्क्यालाच कामाला लावलं. माझ्या माथ्यावरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड. ती धक्क्याने मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवं काडतूस आत ढकलते. चाप मात्र दर वेळी माणसालाच ओढावा लागतो. म्हणून आम्हाला अर्धस्वयंचलित म्हणतात.

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या विजयसिंहांनी रीतसर परवाना काढून मला घेतलं. ते गावचे पुढारी, मोठे शेतकरी. त्यांना माझी गरज पडली असं कधी झालं नाही. पण मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ते जेवायला बसले आणि सदऱ्याआडून मी जरा दिसलो, की शेजारचं टेबल आपोआप रिकामं व्हायचं. मला वाटायचं, हा माझा मान. तेल मात्र मला कोणी घालत नव्हतं. माझ्या फटींत धूळ साठली, आतलं जुनं तेल डिंकासारखं चिकट झालं.

विजयसिंहांची लेक तेजश्री बीडला कॉलेजात शिकत होती आणि नेमबाजीचा सराव करत होती. एकदा वडील तिला घ्यायला रेंजवर गेले. प्रशिक्षक सुनिता मॅडमनी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला मला पाहिलं आणि रिकामं करून टेबलावर ठेवायला लावलं. तिथे आधीच दोघं होते. एक तेजश्रीचं बावीस बोअरचं खेळाचं पिस्तूल, दुसरं पोलीस हवालदार शहादेव यांचं नऊ एमएम. शहादेव शस्त्रागारात दुरुस्तीचं काम करत.

मुली भोवती जमल्या. मॅडम म्हणाल्या, "हे बत्तीसचं आन् खेळाचं, दोघं चुलतभाऊ हायत. दोघांची नळी जागची हलत न्हाई. स्लाइडचं वजन आन् स्प्रिंग, एवढ्यावरच काम चालतं."

"मग नऊ एमएमचं?" तेजश्रीने विचारलं.

शहादेवांनी त्याची स्लाइड हळूच मागे ओढली. "ह्याचं काडतूस जोरदार. म्हणून नळी आन् स्लाइड आधी एकमेकींना धरून मागं जातात. मग नळी जरा खाली झुकती आन् स्लाइडला सोडून देती. हे घराणंच येगळं."

मी थक्क झालो. माझा चुलतभाऊ तर काय देखणा होता. लांब नळी, हाताच्या आकाराची लाकडी मूठ, अंगाला तेलाचा वास. मॅडमनी माझ्या फटीतून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट विजयसिंहांना दाखवलं. मुली हसल्या. विजयसिंहही ओशाळून हसले.

"अजून एक," मॅडम म्हणाल्या, "मुठीतली काडतुसांची डबी म्हंजे मॅगझीन. ते काढलं म्हंजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजू नका. एक काडतूस नळीत असू शकतं."

तेजश्रीने ते मनात ठेवलं. तिच्या वडिलांनी ठेवलं नाही.

पुढे लिंबागणेशला अंगदचं, म्हणजे विजयसिंहांच्या पुतण्याचं, लग्न होतं. वरात निघाली. त्यांचा कार्यकर्ता हनुमान कानाशी आला. "आबा, एक बार होऊन जाऊ द्या. पाव्हण्यांना कळू द्या."

विजयसिंहांनी मला बाहेर काढलं, स्लाइड ओढली. काडतूस नळीत बसल्याचं मला जाणवलं. त्यांचा हात वर जाऊ लागला आणि तेवढ्यात तेजश्री समोर येऊन उभी राहिली.

"आबा, वर बघा."

समोरच्या गच्चीवर बायका आणि लेकरं दाटीवाटीने वरात बघत होती. एक बाई कडेवरच्या बाळाला टाळ्या वाजवायला शिकवत होती.

"मी हवेत मारतोय, तेजू."

"वर गेलेली गोळी खाली येती, आबा. कुठं येईल, तुमाला ठाऊक हाय का?"

विजयसिंह थबकले. मग त्यांनी मॅगझीन काढून खिशात घातलं. "बरं. हे घे, झालं रिकामं."

तेजश्रीने माझं तोंड शेजारच्या वाळूच्या ढिगाकडे केलं आणि स्लाइड मागे ओढली. एक जिवंत काडतूस उडालं आणि हनुमानच्या पायाशी पडलं.

वाजंत्री चालूच होती. विजयसिंह त्या काडतुसाकडे बघत राहिले.

"आत होतं व्हय," ते म्हणाले. "लई वंगाळ झालं असतं."

तेजश्रीने त्यांचा हात धरला. "चला, नवरदेव वाट बघतोय." त्या वरातीत विजयसिंह नाचले, पण पट्टा गाडीत ठेवून आणि मला कुलपात टाकून.

आठवड्याभरात त्यांनी परवाना परत केला आणि मला पोलिसांकडे जमा केलं. वरिष्ठांची परवानगी निघाल्यावर मला निकामी करायचं ठरलं. शहादेवांनी माझी नळी बुजवली, साठलेली घाण धुऊन काढली, आणि मग माझी कूस कापून आतली स्प्रिंग दिसेल अशी खिडकी पाडली. आता नव्या पोलिसांना मी शिकवतो आणि पाहायला आलेल्या शाळकरी मुलांनाही. माझ्या शेजारी तसंच कापलेलं एक नऊ एमएम असतं. दोन घराणी शेजारी शेजारी. आमचं छान जमतं.

मित्रांनो, कुठेही माझ्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, लांब व्हा आणि मोठ्या माणसाला सांगा. ते रिकामं आहे असं कोणीही म्हणालं तरी. आणि कोणी लग्नात, मिरवणुकीत आम्हाला बाहेर काढू लागलं, तर तेजश्रीसारखं विचारायला लाजू नका.

परवा वसतिगृहातली मुलं आली होती. त्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. त्यांतल्या ऋतुजाने विचारलं, "ह्याचं पोट कावून कापलंय?"

"आत काय चालतं ते तुला दिसावं म्हणून," शहादेव म्हणाले. "वढ की स्लाइड. हे आता मेलेलं हाय."

तिने दोन्ही हातांनी स्लाइड ओढली आणि सोडली. खिडकीतून स्प्रिंग पळताना दिसली तशी ती खुदकन हसली. मग सगळी मुलं पुढे सरकली. ढाब्यावर मी नुसता दिसलो, की माणसं मागे सरायची.