नानांचे वीस नंबर

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा नाना होते. तारखेभोवती कॅलेंडरवर गोल त्यांनीच काढला. त्या तारखेला आठ दिवस उरले असताना ते गेले. सकाळी, अंघोळीचं पाणी तापत होतं तेव्हा.

जागा धुळ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाची होती. मी बोदवडच्या सार्वजनिक वाचनालयात सहा वर्षं हंगामी काम करत होते. याआधी दोन मुलाखती दिल्या, एक जळगावला, एक चोपड्याला. दोन्हीकडे पडले. पुस्तकं भरपूर वाचली होती, तेच नडलं. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर सुरू व्हायचं. चोपड्याला तर समितीतले एक गृहस्थ शेवटी म्हणाले, "मॅडम, छान बोललात, पण मी हे विचारलंच नव्हतं."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई हसली. नाना हसले नाहीत. त्यांना हा कामातला दोष वाटला.

नाना रेल्वेत गेटमन होते. गावाबाहेरच्या फाटकावर अठ्ठावीस वर्षं. गाडी यायच्या आधी स्टेशन मास्तरचा फोन यायचा. नाना ऐकलेलं शब्दन् शब्द परत म्हणायचे, फाटक लावायचे, कुलूप ओढून बघायचे आणि मग फोनवर एक दोन आकडी नंबर सांगायचे. तो नंबर म्हणजे त्यांचा शब्द, की फाटक लागलंय, गाडी सोडा. अशा नंबरांचा कागद त्यांच्यापुढे असायचा. सांगितलेला नंबर लगेच खोडायचा, पुन्हा वापरायचा नाही. परत म्हणायची ही सवय घरीही सुटली नाही. आईने मीठ सांगितलं की दारातून आवाज यायचा, "मीठ. जाडं. एक किलो." मगच चपला घालायचे. आई म्हणायची, "माझं लग्न या माणसाशी झालं का टपाल खात्याशी, कळत नाही."

धुळ्याचं पत्र आल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मनाने वीस नंबर लिहिले आणि तो कागद स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला चिकटवला. स्वतः दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले आणि आत मला फोन लावला. मधे एक भिंत.

"हॅलो. धुळ्याहून बोलतो. वाचनालयात गळती लागली, पुस्तकांवर पाणी पडून रायलं. आधी काय उचलशीन?"

"दुर्मीळ ग्रंथ. कारण एखादा ग्रंथ एकदा गेला की..."

"प्रश्न परत म्हण."

"नाना, मला कळला प्रश्न."

"तुले कळला. मले कसं कळीन का तुले कळला?"

मी प्रश्न परत म्हटला. म्हणताना लक्षात आलं, आधी काय उचलायचं हे पाणी कुठे पडतंय त्यावर आहे. ते विचारल्याशिवाय उत्तरच नाही. मी तसं सांगितलं.

"नंबर दे," नाना म्हणाले.

उत्तर पटलं की ते एवढंच म्हणायचे. मी कागदावरचा पुढचा नंबर वाचायची आणि खोडायची. पटलं नाही तर नंबर नाही. वाचनाने माणूस कसा घडतो यावर मी एकदा पाच मिनिटं बोलले. ते म्हणाले, "तू बोलून रायली तवर गाडी भुसावळले पोचली." आणि फोन ठेवला.

एकदा म्हणाले, "आणि माहीत नसलं तर?"

"काहीतरी जवळचं सांगायचं."

"मंग गेलं फाटक. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं. नक्की नसलं तर उघडायचंच नाही."

हे ते नुसतं बोलत नव्हते. मगनमामाच्या लग्नात वऱ्हाड त्यांच्याच फाटकावर अडकलं होतं. मामा आईचा धाकटा भाऊ, पारोळ्याचा. फोनची लाइन मधेच बंद पडली, गाडी गेली की नाही ते कळेना, आणि ते कळल्याशिवाय सख्ख्या मेव्हण्यासाठीही नानांनी फाटक उघडलं नाही. नवरदेव घोड्यावर, बँडवाले रुळाकडे पाठ करून वाजवतायत, आणि करवल्या नानांच्या नावाने बोटं मोडतायत. पस्तीस मिनिटांनी मालगाडी धडधडत गेली. मुहूर्त टळला. त्यानंतर वीस वर्षं मामा प्रत्येक कार्यात सांगायचा, "मना मुहूर्त दाजीनी चुकाडा!" नाना शांतपणे म्हणायचे, "मुहूर्त चुकला. नवरदेव वाचला."

नाना गेले त्या दिवशी फडताळावर चौदा नंबर खोडलेले होते.

मग दारावर लोक येऊ लागले. बायका बसायच्या, रडायच्या, विचारायच्या, कसं झालं. पहिल्या दिवशी मला वाक्य पूर्ण करता येईना. तिसऱ्या दिवशी येऊ लागलं. पाणी तापत होतं, खुर्चीवर बसले, हाक मारली, मी गेले तोवर संपलं होतं. विचारलं तेवढंच सांगायचं, हे मी त्या दिवसांत शिकले.

सातव्या दिवशी दुपारी आईने सगळ्यांसमोर मला विचारलं, "उद्याची कागदं लावली का?"

माझी भिकूआत्या, नानांची थोरली बहीण, भिंतीला टेकून बसली होती. ती ताठ झाली. "उद्याचं काय?"

"धुळ्याला जायचंय तिला. मुलाखत आहे."

"दहावा झाला नाही अजून! उंबरा ओलांडतं का कोनी? लोक काय म्हनतीन व माय?"

मी म्हटलं, "आई, राहू दे. पुन्हा निघेल जागा." मला खरंच जायचं नव्हतं. त्यांनी शिकवलेलं त्यांच्याशिवाय बोलायचं, हे जमणार नाही असंच वाटत होतं.

आई आत्याकडे वळली. "आक्का, मामंजी गेले तेव्हा हे कुठं होते?"

उत्तरही आईनेच दिलं.

"फाटकावर. स्टेशनातून फोनवर निरोप आला. बदली माणूस यायला तीन तास लागले. तोवर यांनी चार गाड्या काढल्या, चार नंबर दिले, आणि मग घरी येऊन रडले. तुम्ही तेव्हा वर्षभर बोलला नाहीत त्यांच्याशी."

आत्याने पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाली, "त्या चारातल्या एका गाडीत मीच होती. माहेराले येऊन रायली होती. खिडकीतून पाह्यलं तं उभा, हिरवी झेंडी घेऊन. मले वाटलं, याले कळलंच नाही अजून." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाय. पन साडी साधी नेस."

मगनमामा ओट्यावर सगळं ऐकत होता. तो दारात आला. "ताई, हिले मीच लई जास. मना मुहूर्त चुकना, हिना चुकनार नही."

पहाटे निघालो. मामाच गाडी चालवत होता. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "घाबरू नको. तू दाजीनी पोर शे."

समितीत चौघं होती. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "समजा तुम्ही रुजू झालात. पहिल्याच आठवड्यात कळलं, दोनशे पुस्तकं सापडत नाहीत. वरून सांगितलं, ती जीर्ण म्हणून रद्द केली असं लिहा आणि सही करा, तपासणी तोंडावर आहे. मुलं तर हल्ली मोबाइलवरच वाचतात. तुम्ही काय कराल?"

जुनी मी असते तर मोबाइल आणि वाचन यावर बोलत सुटले असते. मी म्हटलं, "तुमचा प्रश्न असा आहे, की सापडत नसलेली पुस्तकं मी न बघता जीर्ण म्हणून रद्द करीन का. बरोबर?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "बरोबर."

"नाही करणार. आधी कपाटन् कपाट स्वतः मोजीन. जी मिळणार नाहीत त्यांच्यापुढे 'सापडत नाही' असं लिहीन आणि त्याखाली सही करीन."

"वरचे रागावले तर?"

"रागावतील. सही माझी असेल."

नंतर दोन प्रश्न संगणकातल्या नव्या प्रणालीबद्दल आले. एकाचं उत्तर दिलं. दुसऱ्याला म्हटलं, "हे मला माहीत नाही. शिकायला किती दिवस लागतील, तेही आज सांगता येणार नाही." एक बाई होत्या समितीत, त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. शेवटी त्यांनीच सहज विचारलं, "वडील काय करतात?"

आठ दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी मांडीवरच्या फायलीची कड धरली आणि प्रश्न परत म्हटला. "माझे वडील काय करतात." तेवढ्यात आवाज जागेवर आला. "रेल्वेत गेटमन होते. बोदवडजवळ, अठ्ठावीस वर्षं."

"म्हणजे फाटकवाले," अध्यक्ष म्हणाले.

"हो, फाटकवाले. त्यांच्या फाटकावर अठ्ठावीस वर्षांत एक माणूस गेला नाही. एक शेळीसुद्धा नाही."

"वा. आणि आता?"

"आता तिथे फाटक राहिलं नाही. रुळाखालून रस्ता काढलाय."

त्यांना मी एवढंच सांगितलं. बाहेर येऊन मामाच्या गाडीत बसले. एरंडोल येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि तो रस्त्याकडे बघत चालवत राहिला.

फोन आला तो सगळे विधी आटोपून पाहुणे परतल्यावर, एका दुपारी. आई मेथी निवडत होती. फोनवर महाविद्यालयाच्या कार्यालयातली मुलगी होती, घाईत. मी उभी राहिले आणि तिचं बोलणं संपू दिलं.

मग म्हटलं, "निवड झाली आहे. माझी. सोमवारी अकरा वाजता, मूळ कागदपत्रं घेऊन रुजू व्हायचं."

"हो मॅडम, तुमचीच," ती हसत म्हणाली.

फोन ठेवला. आईचे हात मेथीच्या जुडीवर थांबले होते. तिने वर पाहिलं, तिचे डोळे भरलेले होते, पण मान ताठ होती. फडताळाकडे हनुवटीने खूण करून ती म्हणाली, "नंबर दे."

मी कागदाजवळ गेले. चौदा रेघांच्या खालचा, नानांच्या हातचा, जरा तिरका आकडा.

"सदुसष्ट."

"सदुसष्ट," आईने परत म्हटलं.

मी पेन घेऊन तो खोडला.