चाळीस जणांचा वेग

माझ्या संशोधनाच्या गाइडनी, सूर्यकांत सरांनी, माझ्या चाळीस माणसांवर एका क्लिकसरशी फुली मारली. का, तर म्हणे, "सुचित्रा, हा सगळा नॉइज आहे, निरुपयोगी डेटा."

नॉइज! अहो, सलग सहा रविवार मी दुबईत, अल क्वोजच्या कामगारांच्या कॅम्पात लॅपटॉप घेऊन बसले होते. प्रयोग साधा: मराठी वाक्यातला एकेक शब्द पडद्यावर येतो, वाचला की बटण दाबायचं. कोण कुठे किती थांबतो, त्यावरून डोकं वाक्य कसं जुळवतं याचं गणित मांडायचं. सरांचं सूत्र सांगतं, क्रियापद कर्त्यापासून जितकं लांब, तितका माणूस तिथे अडखळणार. माझी माणसं नेमकी तिथेच सुसाट सुटली. खेडचा अफनान, वायरिंग करणारा, हसून म्हणाला, "मॅडम, एवढं वाचल्यावर शेवटी काय येणार ते कळतंच की!"

"नुसतं बटण दाबत सुटलेत ते," सर म्हणाले.

"मग प्रत्येक वाक्यानंतरचे अर्थाचे प्रश्न कसे सुटले? शंभरातले शहाण्णव बरोबर!"

"इथल्या मराठी मंडळातल्या मुलांचा डेटा बघ. सूत्रात चपखल बसतो."

ती मुलं म्हणजे आपल्याच इंजिनिअर-बँकवाल्यांची, इथेच वाढलेली. फॉर्मवर 'मातृभाषा: मराठी'. डोंबलाची मराठी! अडखळणारच ती. आणि उद्या आमचा शोधनिबंध गेला की छापून येणार, मराठी माणूस असा वाचतो. माझं डोकंच फिरलं.

"त्यांना मराठी येत नाही याचा पुरावा आण," सर म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर खलास."

बरं! घरी येऊन मी फॉर्म उघडले, एकेका आईबापाचं खोटं पकडायला. तिसराच फॉर्म वेदांगचा. माझ्या लेकाचा. 'घरी कोणती भाषा? फक्त मराठी.' खाली माझी सही. गणपतीत, मंडळाच्या रांगेत उभ्या उभ्या मीच ठोकून दिलेली. लाज नाही वाटली मला?

वेदांगला हाक मारली, प्रयोगातलं एक वाक्य समोर धरलं. 'काल आणलेली पिशवी शेजारच्या काकांनी बाबांच्या गाडीत ठेवली.' पोरानं एकेक शब्द रेटत वाचला आणि मान वर केली. "मॉम, हू पुट व्हॉट व्हेअर?"

मी सरांना लिहिलं: पहिला पुरावा माझाच मुलगा. फॉर्मवर खोटं मी लिहिलं. त्याला काढा, माझी माणसं परत घ्या.

पाठवण्याआधी वेदांगला सांगितलं काय लिहिलंय ते. त्याला कळलं नाही. मग इंग्रजीत सांगितलं.