दोषांसकट विकणे आहे

मीटरआत्याने पाणीखात्यात एकतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले होते. लोक पाहुण्याला हॉल दाखवतात, पण तिने पाहिले ते मोऱ्या, जिन्याखालचे कोपरे आणि गच्चीवरच्या टाक्या. त्यामुळे भाचीने घर घ्यायचं ठरवलंय हे कानावर आल्याबरोबर ती न बोलावता हजर झाली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी, झोळीत पाना, विजेरी आणि मोजपट्टी.

"घर पाहावं बांधून म्हणतात. तुम्हाला काही बांधायचं नाही, तेव्हा घर पाहावं बसून," ती म्हणाली. "प्रत्येक खोलीत पाच मिनिटं गप्प बसायचं. घर आपणहून बोलायला लागतं."

भाची शाळेत शिकवायची, जावई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. नऊ वर्षांत दोघांनी चार भाड्याची घरं बदलली होती. त्यामुळे विकाऊ घराच्या उंबऱ्यातच त्यांचा जीव पाघळायचा. पहिल्याच घरात भिंती लिंबाच्या रंगाच्या, खिडकीत झाडाची फांदी. भाची म्हणाली, "अय्या!"

आत्याने तिला चिमटा काढला. "विकणाऱ्यासमोर अय्या म्हणायचं नाही. घरी जाऊन म्हण, हवं तेवढं."

मग तिने घरातले सगळे नळ एकदम सोडले. स्वयंपाकघरातली धार करंगळीएवढी झाली. कपाटामागे तिने नाक नेलं, भिंतीवर तळहात ठेवला आणि झोळी उचलली. "अख्ख्या घरात एकाच भिंतीला कालचा रंग. सुंदर मुखवटा आहे, आत सर्दी."

अशी सहा घरं झाली. एकाचं क्षेत्रफळ कागदावर होतं, जमिनीवर नव्हतं; मोजपट्टी दोन हात आधीच भिंतीला टेकली. एकाचा मालक फक्त दुपारी दीड वाजताच घर दाखवायचा. आत्या मुद्दाम संध्याकाळी सहाला त्या इमारतीखाली जाऊन उभी राहिली, तर तळमजल्यावर पत्र्याचे डबे ठोकायचा कारखाना जोरात चाललेला. घरं दाखवणारा एजंट बिचारा रडकुंडीला आला. "मॅडम, तुमच्या आत्यांना घर घ्यायचंय की घराला नापास करायचंय?"

सातवं घर दाखवताना तो आधीच हात जोडून म्हणाला, "हे आठ महिने विक्रीला पडून आहे. घर चांगलं आहे हो. मालक जरा... तुम्हीच बघा."

मालक निवृत्त बस ड्रायव्हर होते. दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. दार उघडून त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं आणि एक वही उघडली.

"बसा. दोष एक. बाथरूमचं दार पावसाळ्यात फुगतं, खांदा लावावा लागतो. दोष दोन. मागच्या खोलीत दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत येतं."

"काका," एजंट घाईने म्हणाला, "आधी हॉल दाखवू या ना!"

"हॉलमध्ये तीन दोष आहेत. चला, दाखवतो."

एजंटने कपाळाला हात लावला. आत्याचे डोळे मात्र चमकायला लागले. तिने आयुष्यात पहिल्यांदा अशी वही पाहिली होती. कोणती फरशी कधी हलली, कोणत्या गवंड्याने बसवली, पुन्हा कधी हलली, सगळं तारीखवार.

"एवढं सगळं सांगता, मग घर कोण घेणार?" जावयाने विचारलं.

"आम्ही घेतलं तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं," काका म्हणाले. "पहिल्या महिन्यात छत गळलं. बायको बादल्या लावता लावता म्हणाली, आपण विकू ना, तेव्हा सगळं सांगून विकू. ती गेली, पण शब्द दिलाय ना."

 काकांनी पान उलटलं. "दोष बारा. हा मोठा आहे. रोज पहाटे पाचला पाणी येतं आणि भिंतीतला पाइप धाड धाड वाजतो. नोकरीत होतो तोवर वरदान होतं. पहिली बस माझी, घड्याळ लागलंच नाही कधी. पण मी निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. पाइपाला कोणी निरोप समारंभाला बोलावलंच नाही! रोज पाचला उठवतो. चार प्लंबर झाले. म्हणून तर विकतोय. बहिणीच्या गावी जाईन आणि निवांत झोपेन."

भाचीला घर आवडलं होतं. दोन खोल्यांना समोरासमोर खिडक्या, वारा सरळ आरपार. पण तिने चेहरा इतका कोरा ठेवला की काकांना वाटलं, हेही गेले. तेवढ्यात आत्या म्हणाली, "मी उद्या पहाटे येते. दोष ऐकल्याशिवाय घर घेत नाही मी."

दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी असताना चौघं काकांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसली. एजंट आला नाही. त्याने फोनवर फक्त सुस्कारा सोडला. बरोबर पाचला भिंतीतून कोणीतरी हातोडा मारत असल्यासारखा आवाज सुरू झाला. कपबश्या थरथरल्या. जावई उडालाच.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. मग ती स्टुलावर चढली, माळ्यावरच्या टाकीत विजेरी मारली आणि हसायला लागली. "चारही प्लंबरांनी भिंत तपासली असेल."

"फोडलीसुद्धा!"

"रोग भिंतीत नाहीच. टाकीत पाणी सोडणारा बॉल आहे ना, त्याचा वायसर झिजलाय. पाणी जोरात आलं की तो उघडझाप करतो, आणि इथे पाइपाला धरणारी पट्टी सुटलीय, म्हणून पाइप भिंतीवर आपटतो. दोन्हींची भांडणं, बदनामी भिंतीची."

झोळीतून पाना निघाला. वायसर निघाला. पट्टीखाली घालायला जावयाच्या जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा निघाला. वीस मिनिटांत आत्याने पाणी पुन्हा सोडलं. पाणी येत होतं, टाकी भरत होती आणि घरात आवाज होता तो फक्त काकांच्या श्वासाचा. ते खुर्चीत बसले. एकदा भिंतीकडे, एकदा आत्याकडे बघत राहिले. मग वही घेऊन त्यांनी बाराव्या ओळीवर आडवी रेघ मारली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

चौथ्या दिवशी भाची जेवण वाढत असताना एजंटचा फोन. "मॅडम, अभिनंदन करू की रडू? काका रोज आठपर्यंत झोपतात. म्हणतात, आता घर कशाला विकू?"

भाची मटकन खाली बसली. "आत्या, तुला कोणी सांगितलं होतं गं पाना काढायला? घर घेऊन झाल्यावर नसती का दुरुस्ती करता आली?"

  आत्या पानातला भात चिवडत राहिली. शेवटी म्हणाली, "सहा वर्षं माणूस झोपला नव्हता गं. मला राहवलं नाही."

जावयाला हसू फुटलं. त्याने दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "घर बघायला गेलो आणि मालकालाच घरात कायमचं बसवून आलो!" मग भाचीही हसली, आणि हसता हसता तिने आत्याच्या पानात आणखी भात वाढला.

रविवारी सकाळी दार वाजलं. काका उभे होते, हातात पेरूंची पिशवी, मागे एजंट.

"मी तुमचा अपराधी आहे," काका म्हणाले. "पण ऐका. माझ्या समोरचा फ्लॅट दातांच्या डॉक्टरणीचा. तीन वर्षं बंद आहे, किल्ली माझ्याकडेच असते. काल फोन केला तिला. ती म्हणाली, काका, विकायचाच आहे, पण माणसं कशी मिळतील म्हणून काढला नव्हता. मी म्हटलं, माणसं माझ्याकडे आहेत."

"आणि तुम्ही?" आत्याने एजंटकडे बघितलं.

"काका म्हणाले, तू आठ महिने माझे दोष ऐकलेस, तुझी दलाली बुडवायची नाही," एजंट लाजून म्हणाला.

काकांनी खिशातून कागद काढला. "आता दोष. एकूण नऊ. बसून ऐका."

नऊच्या नऊ दोष आत्याने जागेवर जाऊन तपासले आणि दहावा स्वतः शोधला. काका इतके ओशाळले, की दहावा आपल्याला दिसला कसा नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाहून आले. कागदांच्या बाबतीत मात्र आत्याने कोणावर विश्वास टाकला नाही, काकांवरही नाही. "माया वेगळी, दस्त वेगळा," असं म्हणून तिने वकील आपला स्वतःचा गाठला, विकणाऱ्याचाही नाही आणि एजंटचाही नाही. घरावर कोणाचं कर्ज नाही, इमारतीची थकबाकी नाही, मालकीण एकटीच आहे, एवढं त्याने लिहून दिल्यावरच भाचीला सही करू दिली.

सही झाली आणि नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर आत्या म्हणाली, "हं. आता म्हण."

"काय?"

"अय्या."

भाची इतक्या मोठ्याने ओरडली, की समोरच्या झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवून बघितलं.

सामान आलं त्या दिवशी सोफा जिन्याच्या वळणावर अडकला. एजंट खालून ढकलत होता, जावई वरून ओढत होता आणि काका "मागे घ्या, मागे घ्या, आता डावीकडे कापा!" असं बस वळवल्यासारखं ओरडत होते. सोफा निघाला, एक पाय मात्र जिन्यातच राहिला. त्या तीन पायांच्या सोफ्याला विटेचा टेकू देऊन पाच जणांनी त्यावर बसून पेरू खाल्ले.

पाहुणे पांगल्यावर जावई आत आला, तर भाची स्टुलावर चढून हॉलच्या भिंतीत खिळा ठोकत होती. नऊ वर्षांत प्रत्येक घरमालकाने तिला हेच पहिलं बजावलं होतं, भिंतीला खिळा मारायचा नाही. एक ठोकून झाला, तिने दुसरा घेतला. मग तिसरा.

"टांगायचंय काय?" त्याने विचारलं.

"ते बघू की नंतर," ती म्हणाली, आणि चौथ्या खिळ्यासाठी हात पुढे केला.