वीज गेली आणि मी पास झाले

मी एक चिप बोलतेय. नखाएवढा माझा जीव, आवाजही तेवढाच. तेव्हा जरा सावकाशीनं ऐका.

परदेशात जमिनीखाली एक भलंमोठं यंत्र आहे. तिथं अणूतले कण एकमेकांवर आपटतात आणि फुटून जे उडतं ते टिपायला माझ्यासारख्या हजारो चिपा लागतात. किरणांचा मारा सोसत वर्षानुवर्षं टिपत राहायचं. एकदा आत बसवलं की बदलायला कुणी फिरकत नाही. म्हणून आधी आमच्यातल्या एकीला किरणांत भाजून बघतात. ती एक मी! बाकीच्या बहिणी डबीत निवांत.

मला आखलं प्रीतीनं. माधवनगरची लेक, सांगलीच्या एका प्रयोगशाळेत काम करते. माझ्यापायी तिची उमेदीची वर्षं गेली. माझी परीक्षा ठरली त्याच आठवड्यात तिकडची मंडळी चिप निवडणार होती. आमचा निकाल वेळेत गेला नाही, तर दुसऱ्याची चिप बसणार आणि हिची मेहनत पाण्यात.

तिनं मला वीज जोडली आणि किरण सोडणाऱ्या कोबाल्टच्या, शिसं लावलेल्या कोठीत ठेवलं. अंगात वीज खेळत असली की किरण जास्त झोंबतात. यंत्रात आम्हाला जागंच राहायचंय, म्हणून परीक्षाही जागेपणीच. बाई गं, जीव मेटाकुटीला आला!

दुपारी वारं सुटलं, कुठंतरी तारा तुटल्या. वीज गेली, मागोमाग इन्व्हर्टरनंही मान टाकली. कोबाल्टला विजेचं काय? त्याचे किरण चालूच. मला मात्र गाढ झोप लागली. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

बाहेर काढून मोजलं, तर आकडे झकास. प्रीतीसोबत काम करणारा नागसेन हरखलाच.

"लय भारी! पाठव आत्ताच."

"आवं दादा, मधी वीज न्हवती. ही बंद हुती."

"ते तुला नि मला ठावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. किती राबलीस गं तू!"

मीही मनात ओरडत होते, पाठव गं, सुटू दे मला!

प्रीतीनं डोळे चोळले. "आन् ह्या चिपा तितं जाऊन मेल्या तर? कोण बदलायला जाणार हाय?"

दुसऱ्या दिवशी जनरेटर लावून तिनं माझ्या बहिणीला आत ठेवलं. बिचारी अर्ध्यातच मुकी झाली. प्रीती टेबलावर डोकं टेकून रडली आणि जे घडलं तेच तिनं कळवलं. निवड दुसऱ्यांची झाली. बहीण जिथं खचली, तो भाग ती आता नव्यानं आखतेय.

मी कपाटात आहे, धडधाकट. पाहुणे मला हातात घेतात, म्हणतात, "वा, ही टिकली!" हात जोडते, मला शाबासकी देऊ नका. मी टिकले नाही हो. मी झोपले होते.